कर्करोग संशोधकाचे निबंध आणि सायटेशन कसे वाचावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय ग्रंथालयाच्या टेबलावर दोन प्रकारची माणसे येतात. एक म्हणजे थीसिसच्या घाईतले रेसिडेंट. दुसरे म्हणजे पेशंटचे नातेवाईक. ते मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, ‘या डॉक्टरांच्या नावासमोर एवढे मोठे आकडे आहेत, म्हणजे काय?’ दोघांचेही तेच तेच प्रश्न गेली काही वर्षे वहीत टिपून ठेवत गेलो. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे शक्यतो आपल्याकडची घेतली आहेत, कारण कर्करोग उपचारांतले काही फार महत्त्वाचे निबंध बार्शी, उस्मानाबाद आणि मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या कामातून निघालेले आहेत.

१. सायटेशन म्हणजे नेमकं काय?

निबंध लिहिताना संशोधक ज्या आधीच्या निबंधांचा आधार घेतो त्यांची यादी शेवटी देतो. त्या यादीत तुमचा निबंध आला की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. उल्लेख कौतुकाचा आहे, टीकेचा आहे की जाता जाता केलेला आहे, हे मोजणारे यंत्र पाहत नाही.

ही मोजणी रूढ केली युजीन गारफिल्ड यांनी. १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ती कल्पना मांडली. अमेरिकेतले वकील जुना निकाल पुढे कोणकोणत्या खटल्यांत वापरला गेला याची सूची पाहत असत. गारफिल्ड यांनी तीच युक्ती विज्ञानाला लावली. १९६४ पासून त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स निघू लागली. मूळ हेतू एखाद्या विषयावरचे साहित्य शोधणे सोपे व्हावे हा होता. माणसांची क्रमवारी लावायला ती नंतर वापरात आली. सगळ्या घोटाळ्याचे मूळ मला तिथेच दिसते.

२. गूगल स्कॉलरवर एक आकडा, स्कोपसवर दुसरा, पबमेडवर काहीच नाही. खरा कुठला?

तिन्ही खरे, कारण तिघांची मोजायची टोपली वेगळी आहे. गूगल स्कॉलर इंटरनेटवर सापडेल ते सगळे धरतो: प्रबंध, पुस्तके, प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्याआधीच खुले केलेले निबंध), परिषदेतले सारांश, कधीकधी एकच निबंध दोनदा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ठरावीक जर्नलेच धरतात, त्यामुळे त्यांचे आकडे जवळजवळ नेहमी लहान असतात. पबमेड ही मुळात वैद्यकीय निबंधांची सूची आहे, सायटेशन मोजण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

दोन डॉक्टरांची तुलना करायचीच असेल तर दोघांचा आकडा एकाच ठिकाणचा घ्या, आणि कोणत्या तारखेला पाहिला ते लिहून ठेवा.

३. एच-इंडेक्स कसा काढतात?

निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडा. ज्या शेवटच्या क्रमांकाच्या निबंधाला निदान त्या क्रमांकाइतकी सायटेशन्स आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा एकीचे सात निबंध आहेत आणि त्यांची सायटेशन्स ९०, ४०, १२, ९, ६, ५, २ अशी आहेत. पाचव्या निबंधाला ६ आहेत, म्हणजे पाचापेक्षा कमी नाहीत. सहाव्याला ५ आहेत, म्हणजे सहाला कमी पडले. म्हणून एच-इंडेक्स ५.

कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी हा २००५ साली सुचवला. एका गाजलेल्या निबंधाने माणूस अवाजवी मोठा दिसू नये आणि कुणी वाचत नाही अशा शंभर निबंधांनीही दिसू नये, हा त्यामागचा विचार. पण वरच्या उदाहरणात पहिल्या निबंधाला ९० ऐवजी ९,००० सायटेशन्स असती तरी उत्तर ५ च. ज्या एका निबंधाने उपचार बदलला त्याचे वजन इथे पूर्ण दडपले जाते.

४. मग किती एच-इंडेक्स असला म्हणजे चांगला?

असा एक आकडा नाही. एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो आणि कधीच कमी होत नाही. निवृत्त झाल्यावरही चढतो. शिवाय पेशींच्या पातळीवरचे जीवशास्त्र, किमोथेरपी, शस्त्रक्रिया, वेदनाशमन या प्रत्येक शाखेत लिहिणाऱ्यांची संख्याच वेगळी आहे. जिथे लिहिणारे जास्त, तिथे उल्लेखही जास्त. वेदनाशमनातल्या डॉक्टरची तुलना जनुकशास्त्रज्ञाशी करणे म्हणजे कबड्डीचे गुण क्रिकेटच्या फलकावर लिहिणे.

५. इम्पॅक्ट फॅक्टर डॉक्टरांचा असतो की जर्नलचा?

जर्नलचा. आधीच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या निबंधांना यंदा मिळालेली एकूण सायटेशन्स भागिले त्या दोन वर्षांतले निबंध, इतके साधे गणित आहे. म्हणजे ही सरासरी आहे, आणि सरासरी कशी फसवते याचे सर्वांत मोठे उदाहरण कर्करोगाच्याच क्षेत्रात आहे.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे ‘सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स’ मोजकेच निबंध छापते, पण त्यांत जगभरातल्या कर्करुग्णांची आकडेवारी देणारा निबंध असतो. कर्करोगावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात ‘दरवर्षी इतके नवे रुग्ण’ असे वाक्य लिहितो आणि त्या निबंधाचा हवाला देतो. परिणामी या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर काही वर्षी ५०० च्याही वर गेला आहे. त्याच अंकातल्या शेजारच्या लेखाला त्यातले काय मिळाले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

एखाद्याच्या बायोडेटात ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर १८५’ अशी बेरीज दिसली तर ती सरळ सोडून द्या. माणूस मोजायला हा आकडा वापरू नका, असे संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सान फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यात २०१२ पासून लिहिलेले आहे.

६. एखादा निबंध ‘गाजला’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? एखादं आपल्याकडचं उदाहरण द्याल का?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

२००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर एक निबंध आला. काम झाले होते तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. १९९९ साली सुरुवात झाली. गावांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना त्यात घेतले. चार वाटे केले: एका वाट्याला हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तिसऱ्याला व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्याला तेव्हा मिळत होती तीच नेहमीची सेवा. पुढची आठ वर्षे या स्त्रियांचे काय झाले याचा माग ठेवला.

एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या आजाराने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सेवेच्या ३१,४८८ स्त्रियांत ६४ झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकी दोन तपासण्यांनी मात्र मृत्यूंत खात्रीने सांगता येईल अशी घट दाखवली नाही.

हे जमले कसे? बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची माणसे गावोगाव आधीपासून ओळखीची होती. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून बार्शीतच चालू होती. कोण आजारी पडले, कोण गेले, हे घरोघर जाऊन विचारायची सवय तिथे मुरलेली होती. निबंधात हे सगळे दोन-चार ओळींत येते. सायटेशन मिळते निबंधाला, पण उन्हातान्हात वाड्यावस्त्या फिरलेल्या आरोग्यसेविकेचे नाव कुठल्याच डेटाबेसमध्ये सापडत नाही.

पुढे काय झाले, ते प्रश्न ८ मध्ये.

७. एकाच निबंधाला अठरा-अठरा लेखक असतात. काम नक्की कुणाचं समजायचं?

वैद्यकात साधारण रिवाज असा: पहिला लेखक काम तडीस नेणारा आणि लिहिणारा, शेवटचा लेखक प्रकल्पाचा ज्येष्ठ जबाबदार, आणि ज्याच्याकडे पत्रव्यवहार तो करस्पॉन्डिंग ऑथर. मधल्या नावांवरून फारसे ठरवता येत नाही.

उस्मानाबादचाच निबंध घ्या. पहिले नाव रेंगास्वामी शंकरनारायणन यांचे. ते तेव्हा फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत होते. दुसरे बार्शीचे डॉ. नेने, तिसरे टाटा रुग्णालयाचे सुरेंद्र शास्त्री, आणि शेवटचे टाटा मेमोरियलच्या केतयून दिनशॉ यांचे. म्हणजे नुसता क्रम पाहिला तरी जागतिक संस्था, गावातले रुग्णालय आणि मुंबईची मोठी संस्था अशी तीन टोके दिसतात. पण सायटेशन मोजताना अठराही जणांच्या खात्यात पूर्ण उल्लेख जमा होतो, अठरावा हिस्सा नाही. लेखक कुणाला म्हणावे याचे नियम वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घातले आहेत. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव टाकले, हे त्यांत बसत नाही. होते मात्र सर्रास.

लेखकांची संख्या शेकड्यांत असेल तर प्रश्न १५ पाहा.

८. सायटेशन खूप, पण पेशंटला फायदा झाला हे कसं कळणार?

त्यासाठी इतर निबंध सोडून मार्गदर्शक सूचना आणि सरकारी कागद पाहावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या सूचनांत गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यांत प्रश्न ६ मधल्यासारखे काम आहे. भारत सरकारने मात्र २०१६ च्या कार्यपद्धतीत ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सांगितली, कारण ती स्वस्त आहे आणि उपकेंद्रावर होऊ शकते. असे कागद जर्नलांपुरत्या डेटाबेसमध्ये बऱ्याचदा मोजलेच जात नाहीत.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियेचे. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेत गाठ लागत नसली तरी मानेच्या ग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद पन्नासेक वर्षे चालला होता. टाटा रुग्णालयाचे अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष छापले. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८०.० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आज तंबाखूने जबडा धरलेला विदर्भातला कुणी शेतकरी ऑपरेशनला जातो तेव्हा सर्जन मानेवरही छेद का घेतात, याचे उत्तर त्या निबंधात आहे. त्या शेतकऱ्याच्या केसपेपरवर कुणी सायटेशन लिहीत नाही.

९. दोन अभ्यास एकमेकांच्या उलट सांगत असतील तर जास्त सायटेशनवाला खरा मानायचा का?

नाही. दोन्ही उघडून काय केले ते वाचायचे. व्हीआयएचेच बघा. उस्मानाबादेत तिने मृत्यूंत ठोस घट दाखवली नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगलमध्ये तीच तपासणी प्रशिक्षित परिचारिकांनी एकदाच केली, आणि २००७ च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आले. मुंबईच्या वस्त्यांत शास्त्री आणि सहकाऱ्यांनी दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात ती दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्यांकडून करवली आणि २०१४ साली ३१ टक्के घट नोंदवली.

फेऱ्या किती, तपासणारे हात कुणाचे, त्यांचे प्रशिक्षण कसे, यावर निकाल हलतो. नुसत्या डोळ्यांवर भिस्त असलेल्या तपासणीत तसे होणारच. ही गोष्ट सायटेशनच्या आकड्यात कुठून येणार?

१०. सायटेशन जास्त म्हणजे सगळे त्या कामाचं कौतुकच करतात ना?

अजिबात नाही. प्रश्न ६ आणि ९ मधल्या तिन्ही अभ्यासांवर नंतर नैतिकतेच्या अंगाने कडक टीका झाली. तपासणी न मिळालेल्या गटातल्या स्त्रियांना वर्षानुवर्षे तसेच का ठेवले, हा प्रश्न होता. त्या काळी देशात तपासणीची नेहमीची सोयच नव्हती, असे संशोधकांचे म्हणणे. पॅप स्मिअर उपयोगी आहे हे जगाला आधीच माहीत होते, असे टीकाकारांचे. माझ्या मते प्रश्न रास्त होता आणि उत्तरही अगदीच पोकळ नव्हते. मुद्दा एवढाच की टीका करणारा प्रत्येक लेख त्या निबंधाचा हवाला देतो, आणि यंत्र ते एक सायटेशन म्हणून मोजते.

११. ‘उपयोग झाला नाही’ असं सांगणाऱ्या निबंधाला काही किंमत असते का?

कधीकधी सर्वांत जास्त. स्तनाचा कर्करोग आधीच शरीरभर पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढून आयुष्य वाढते का? टाटा रुग्णालयाचे राजेंद्र बडवे यांच्या गटाने ३५० स्त्रियांवर हे तपासले. २०१५ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल आला: शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यक आयुष्य (निम्म्या रुग्ण ज्याच्या पुढे जगल्या तो काळ) १९.२ महिने, न झालेल्यांचे २०.५. फायदा नाही.

या एका ‘नाही’मुळे कितीतरी स्त्रियांचे मोठे ऑपरेशन, खर्च आणि जखम वाचू शकते. नकारार्थी निकाल छापून यायला एरवी फार कष्ट पडतात, म्हणून कुणाच्या यादीत असा निबंध दिसला तर त्या माणसाबद्दल माझा आदर वाढतो.

१२. नवीन निबंधाला सायटेशन कमी आहेत. म्हणजे तो कच्चा?

निबंध वाचून, आपला अभ्यास करून, तो छापून येईपर्यंत दुसऱ्याला दोन-तीन वर्षे सहज लागतात. तोवर निबंधाचा आराखडा पाहा. टाटाच्याच गटाने डोके आणि मानेच्या प्रगत कर्करोगात निवोलुमॅब हे महागडे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. नेहमीची मात्रा याच्या अनेक पट असते. एक वर्षाने हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. रुग्ण होते १५१. लहान अभ्यास आहे आणि कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नाही, ही त्याची मर्यादा. पण ज्याला पूर्ण मात्रा कधी परवडणारच नव्हती त्याच्यासाठी हा निबंध किती मोलाचा आहे, ते कळायला सायटेशनची वाट पाहावी लागत नाही.

१३. आमच्या सरांच्या नावावर दंतवैद्यकापासून सोयाबीनपर्यंत सगळे निबंध दिसतात. ते खरंच त्यांचे आहेत का?

बहुधा नाहीत. सूचीत आडनाव आणि एक आद्याक्षर एवढेच येते. ‘पाटील व्ही’, ‘जोशी एस’, ‘कुलकर्णी ए’ या नावाचे किती जण निबंध लिहीत असतील याचा विचार करा. गूगल स्कॉलर असे परके निबंध आपणहून प्रोफाइलमध्ये घालतो आणि पुष्कळ जण ते काढायचे कष्ट घेत नाहीत. उलट अडचणही आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचे काम दोन नावांत वाटले जाते आणि एच-इंडेक्स दोन्हीकडे अर्धवट दिसतो. दक्षिणेकडच्या नावांत आडनाव कुठले हेच यंत्राला कळत नाही.

यावर उपाय म्हणजे ऑर्किड हा १६ अंकी ओळख क्रमांक. २०१२ पासून तो फुकट मिळतो. रेसिडेंट मंडळींना एकच सांगणे: पहिला निबंध पाठवण्याआधी तो काढा आणि नावाचे स्पेलिंग एकदाच ठरवा.

१४. स्वतःच स्वतःला साइट केलं तर चालतं का?

थोडे चालतेच. त्याच अभ्यासाचा पुढचा टप्पा लिहिताना मागच्याचा उल्लेख करावाच लागतो. गडबड तेव्हा, जेव्हा निम्मी सायटेशन्स घरचीच असतात, किंवा चार मित्र मिळून आळीपाळीने एकमेकांचे उल्लेख करतात. पहिला प्रकार स्कोपसमध्ये स्वतःचे उल्लेख वगळून पाहिले की दिसतो. दुसरा पकडायला उल्लेख करणाऱ्यांची नावे वाचावी लागतात.

१५. एका तरुण प्राध्यापकाची सायटेशन्स पाच वर्षांत हजारोंनी वाढली. असं होऊ शकतं?

होऊ शकते, आणि त्यात लबाडी असेलच असे नाही. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ (देशोदेशीच्या आजारांचा आणि मृत्यूंचा हिशेब) यासारख्या जागतिक प्रकल्पांच्या निबंधांवर शेकडो लेखक असतात आणि त्या निबंधांना प्रचंड सायटेशन्स मिळतात. त्यात नाव असलेल्या प्रत्येकाचा आलेख एकदम उभा चढतो. अशी यादी पाहताना ते निबंध बाजूला काढा आणि जिथे तो पहिला, शेवटचा किंवा करस्पॉन्डिंग लेखक आहे तेवढेच मोजा. उरलेला आकडा लहान असला तरी तोच त्याचा.

१६. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड’ अशी बातमी दर वर्षी येते. ही निवड कोण करतं?

निवड कुणीच करत नाही. समिती नसते, अर्ज नसतो, मुलाखत नसते. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून एक संमिश्र गुणांक काढतात आणि यादी जाहीर करतात. त्यात दोन तक्ते असतात: एक संपूर्ण कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा. बातमी कुठल्या तक्त्याची आहे ते सहसा छापलेले नसते, म्हणून आधी ते विचारा. यादीची एक चांगली बाजू आहे. पहिल्या, एकट्या आणि शेवटच्या लेखकपणाला ती वेगळे वजन देते, स्वतःचे उल्लेख वगळून आकडा दाखवते आणि अलीकडच्या आवृत्तीत मागे घेतलेल्या निबंधांची संख्याही देते. हारतुऱ्यांच्या फोटोत हे रकाने दिसत नाहीत.

१७. निबंध मागे घेतला गेला तर त्याची सायटेशन्स जातात का?

जात नाहीत, आणि हाच धोका आहे. नॉर्वेतले यॉन सुडबो यांनी २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. अभ्यासात ९०८ माणसे दाखवली होती. चौकशीत कळले की त्यांतल्या २५० जणांची जन्मतारीख एकच आहे. माणसे बनावट होती. २००६ साली निबंध मागे घेतला गेला.

दुसरे प्रकरण ड्यूक विद्यापीठातल्या अनिल पोट्टी यांचे. गाठीच्या जनुकांवरून कुठली किमो लागू पडेल ते सांगता येते, असा २००६ चा त्यांचा निबंध ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला आणि त्यावर विसंबून रुग्णांवर ट्रायलही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी आकडे पुन्हा मांडले, तेव्हा रकाने सरकलेले आणि खुणा उलट लागलेल्या निघाल्या. त्यांचा खुलासा २००९ मध्ये संख्याशास्त्राच्या एका जर्नलमध्ये आला. डॉक्टर लोक ते क्वचितच उघडतात. मूळ निबंध २०११ मध्ये मागे घेतला गेला.

मागे घेतलेल्या निबंधावर पबमेड ठळक शिक्का मारते. मात्र कुणाच्या संगणकात आधीच उतरवून ठेवलेल्या प्रतीवर तो उमटत नाही, म्हणून थीसिस जमा करण्याआधी यादीतला प्रत्येक निबंध पबमेडवर पुन्हा उघडा. आमच्याकडे असा एक निबंध व्हायव्हाच्या आदल्या दिवशी सापडला होता. त्या रात्री ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे राहिले.

१८. ट्रायल मध्येच बंद पडली तर ते काम वाया जातं का?

एका प्रकरणात नेमके उलटे झाले. एचपीव्ही लसीचे तीन डोस द्यावेत की दोन पुरतात, हे पाहायला भारतात २००९ साली मुलींवर अभ्यास सुरू झाला. २०१० च्या एप्रिलमध्ये दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून उठलेल्या वादामुळे सरकारने अशा सगळ्या अभ्यासांतले लसीकरण थांबवले. जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळालेला होता.

संशोधकांनी मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. वर्षे गेली, आणि एका डोसनेही विषाणूच्या मुख्य प्रकारांपासून जवळपास तितकेच संरक्षण मिळते असे दिसू लागले. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त २०१६ आणि २०२१ मध्ये त्यावर निबंध आले. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसचा पर्याय मान्य केला तेव्हा पुराव्यांत हे कामही होते. मूळ आराखड्यात हा प्रश्नच नव्हता.

१९. जुन्या पिढीतल्या मोठ्या संशोधकांचे आकडे इतके कमी का दिसतात?

कारण डेटाबेस त्यांच्या काळापर्यंत नीट पोचतच नाहीत. स्कोपसमधले संदर्भ साधारण १९७० पासूनचे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांवर काम केले, दोनशेहून अधिक निबंध लिहिले आणि १९८२ साली पद्मभूषण मिळवले. त्यांचे नाव टाकून एच-इंडेक्स काढायला बसाल तर कालच्या सहायक प्राध्यापकाहून कमी भरेल. तो आकडा डेटाबेसच्या वयाचा आहे.

२०. पैसे भरून छापलेला निबंध खोटा असतो का?

तसे नाही. वाचकाला फुकट मिळणाऱ्या चांगल्या जर्नलांतही लेखकाकडून शुल्क घेतात. संशय कधी घ्यायचा? कर्करोगाच्या डॉक्टरला मत्स्यशेतीच्या अंकासाठी ‘आदरणीय महोदय’ म्हणून ईमेल आली, चार दिवसांत छापतो म्हणाले, आणि ते जर्नल मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडमधल्या निवडक जर्नलांच्या सूचीत, सापडत नसेल तर. बढतीसाठी निबंध लागतात म्हणून ही दुकाने चालतात, एवढे उघड आहे.

२१. आईला कर्करोग झालाय. ज्यांचा एच-इंडेक्स जास्त त्याच डॉक्टरांकडे जाऊ का?

या आकड्यावरून डॉक्टर निवडू नका. निबंध लिहिणारा हात आणि शस्त्रक्रिया करणारा हात वेगळा असू शकतो, आणि उत्तम सर्जनच्या नावावर तीनच निबंध असू शकतात. त्याऐवजी विचारा: अशा आजाराचे रुग्ण तुमच्याकडे वर्षाला किती येतात? सर्जन, किमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात का? रिपोर्ट दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येईल का?

निबंधांची यादी एका बाबतीत मात्र कामाची. आजार दुर्मिळ असेल तर त्यावर देशात कोण काम करते ते तिच्यातून कळते. पबमेडवर आजाराचे नाव आणि शहराचे नाव घालून पाहा. चालू ट्रायल शोधायची असेल तर भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदणी सर्वांना खुली आहे.

२२. पूर्ण निबंध वाचायला पैसे मागतात. फुकट कसा मिळेल?

आधी पबमेडच्या पानावर उजवीकडे ‘फ्री’ असे लिहिलेले बटण आहे का ते पाहा. नसेल तर करस्पॉन्डिंग लेखकाचा ईमेल पहिल्याच पानावर असतो. ‘आईच्या उपचारासाठी वाचायचा आहे, प्रत मिळेल का’ एवढे दोन ओळींत लिहा. माझ्या अनुभवात बहुतेक जण पाठवतात, काही त्याच दिवशी. आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन विचारायला हरकत नाही. दुपारी तीननंतर जा, सकाळी रेसिडेंटची गर्दी असते.